‘हॅक’ : लेखकासाठीच्या एका इंग्रजी शब्दाचा माग कसा काढावा

इंग्रजी परीक्षणात किंवा चरित्रात एखाद्या लेखकाला ‘हॅक’ म्हटलेले आढळले, की आपण बहुधा ‘सुमार लेखक’ असा अंदाज बांधून पुढे जातो. अंदाज अगदीच चुकीचा नसतो, पण त्यात त्या शब्दाचा निम्मा जीव निसटतो. अशा शब्दाचा माग काढण्याची एक रीत आहे आणि ती या एकाच शब्दावर नीट चालवून पाहिली, तर इतर शब्दांसाठीही हाताशी येते.

सर्वप्रथम एकाच वर्णलेखनामागे किती शब्द दडले आहेत, हे तपासावे. चांगल्या इंग्रजी शब्दकोशात ‘हॅक’ या नोंदी एकापेक्षा अधिक असतात व त्यांना क्रमांक दिलेले असतात. त्यांपैकी एक क्रियापद ‘घाव घालणे, तोडणे’ या अर्थाचे असून ते जुन्या इंग्रजीतून आले आहे. संगणकाच्या जगातला ‘हॅकर’ कोशकार त्याच्याच घरात बसवतात. लेखकाला लावला जाणारा ‘हॅक’ मात्र ‘हॅकनी’ या शब्दाचे आखूड रूप आहे. ही फोड आधी केली नाही, तर कागदावर शब्दांचे घाव घालणारा तो ‘हॅक’, अशी खोटी पण गोंडस गोष्ट मनात ठाण मांडून बसते.

यानंतर कालक्रमाने मांडलेली अवतरणे वाचावीत. ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’चा पहिला भाग 1884 मध्ये निघाला आणि पहिली आवृत्ती 1928 मध्ये पूर्ण झाली; प्रत्येक अर्थाखाली जुन्यापासून नव्यापर्यंत प्रत्यक्ष वापराचे नमुने देणे, हे तिचे खरे बळ आहे. माझा सल्ला असा, की ही अवतरणे शेवटाकडून सुरुवातीकडे वाचावीत, आणि अर्थ जिथे वळण घेतो तिथे थांबून नेमका कोणता धागा तसाच राहिला, हे वहीत लिहावे.

‘हॅकनी’च्या बाबतीत तो धागा फार स्वच्छ दिसतो. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये ‘हॅकनी’ म्हणजे युद्धाचा किंवा शिकारीचा नव्हे, तर रोजच्या प्रवासाचा, संथ चालीचा घोडा. असे घोडे भाड्याने मिळत. विल्यम लँगलंडच्या चौदाव्या शतकातील ‘पीअर्स प्लाउमन’ या काव्यात दारूच्या गुत्त्यात जमलेल्या मंडळींमध्ये घोडे भाड्याने देणारा एक ‘हॅकनीमन’ही बसलेला आहे. घोड्यावरून शब्द भाड्याच्या गाडीकडे गेला, तेथून भाड्याने राबणाऱ्या माणसाकडे, आणि अठराव्या शतकात पैशासाठी सांगाल ते लिहून देणाऱ्या लेखणीकडे. घोडा, गाडी, माणूस, लेखणी असे सारे बदलले. ‘भाडे’ तेवढे कायम राहिले.

घोड्याला हे नाव कशावरून पडले, या प्रश्नाशी मात्र सावकाश चालावे. आज लंडनचा भाग असलेले हॅकनी हे एके काळी शहराबाहेरचे गाव होते, आणि तिथल्या कुरणांत चरणाऱ्या घोड्यांवरून हा शब्द आला असावा, असे कोशकार मानतात. कोशात तिथे ‘बहुधा’ असेल, तर आपल्या टिपणातही ‘बहुधा’च लिहावे, हा छोटा शब्द गाळणे हा या कामातला मोठा अप्रामाणिकपणा आहे. मराठी वाचकाला येथे आणखी एक मोह होतो, तो म्हणजे ‘गाडी हाकणे’. ध्वनी जवळचा, विषयही घोड्याचा, तरीही संबंध काही नाही. आपले ‘हाकणे’ हे ‘हाक’ देण्याशी जोडलेले आहे आणि ‘हॅकनी’ हे बहुधा जुन्या इंग्रजीतल्या स्थलनामावरून आले आहे. मधली रूपे व उसनवारीची वाट दाखवता येत नसेल, तर ध्वनिसाम्य हा पुरावा ठरत नाही.

मग त्या काळाकडे वळावे. इंग्लंडमध्ये छपाईपूर्व परवान्याचा कायदा 1695 मध्ये संपुष्टात आला, छापखाने व नियतकालिके वाढली आणि ग्रंथविक्रेत्यांना झटपट मजकूर पुरवणारी माणसे लागू लागली. लंडनमधील ग्रब स्ट्रीट हे अशा गरजू लेखकांचे ठिकाण म्हणून इतके ओळखले जाऊ लागले, की सॅम्युएल जॉन्सन यांनी 1755 च्या आपल्या कोशात त्या रस्त्याच्या नावाची नोंद करून हलक्या लिखाणालाही तेच नाव पडल्याचे सांगितले. 1830 मध्ये त्या रस्त्याचे नाव मिल्टन स्ट्रीट झाले. ऑलिव्हर गोल्डस्मिथ यांनी नेड पर्डनवर लिहिलेल्या मृत्युलेखात त्याला ग्रंथविक्रेत्याचा ‘हॅक’ म्हटले आहे. स्वतः गोल्डस्मिथही असेच लिहून पोट भरत होते, हे ठाऊक असले की त्या ओळींतली कणव कळते.

त्याच कुळातले इतर शब्दही पाहून घ्यावेत. लंडनची टॅक्सी कायद्याच्या भाषेत अजूनही ‘हॅकनी कॅरिज’ आहे, आणि ‘हॅकनीड’ म्हणजे भाड्याच्या घोड्यासारखा, कोणीही केव्हाही वापरून झिजवलेला शब्दप्रयोग. त्यासाठी मराठीत ‘चावून चोथा झालेला’ हे तयारच आहे.

शेवटी शब्द मराठीत आणताना व्युत्पत्ती बाजूला ठेवून समोरचे वाक्य वाचावे, कारण उगमाचा अर्थ हा आजचा अर्थ असेलच असे नाही. पैसे घेऊन कोणाचीही तळी उचलणाऱ्याबद्दल लिहिले असेल, तर ‘भाड्याचे तट्टू’ इतके चपखल बसते की घोडासुद्धा मराठीत येतो. मन न लावता मजकुराचा रतीब घालणारा असेल, तर ‘पाट्या टाकणारा’ म्हणावे. गरिबीपायी लिहिणाऱ्या पर्डनसारख्याला मात्र ‘पोटासाठी लिहिणारा’ एवढेच पुरे. आणि एखादा ब्रिटिश बातमीदार स्वतःलाच आपुलकीने ‘हॅक’ म्हणवून घेत असेल, तर तिथे ‘आम्ही बातमीदार मंडळी’ असे लिहावे. तेथे ‘भाडोत्री’ लिहिणे हा त्या माणसावर अन्याय होईल.