मोटरसायकलच्या भंगारातून बगळा

भंगाराच्या दुकानात काही न ठरवता जाऊ नका. तिथं सगळंच देखणं दिसतं, गिअरचे दात, स्प्रिंगची वेटोळी, आणि पोतं भरून घरी येतं. त्या पोत्यातून मग पक्षी शोधायला बसलं की हमखास यंत्रमानव तयार होतो. आधी पक्षी ठरवा, त्याची उभं राहण्याची ढब डोळ्यांत साठवा आणि मग भाग शोधा. पिकासोनं १९४२ साली सायकलची सीट आणि हँडल एवढ्या दोनच वस्तूंतून बैलाचं डोकं उभं केलं. त्याला बैल ठाऊक होता, म्हणून दोन वस्तू पुरल्या.

मी कोल्हापुरात उद्यमनगरात गेट-ग्रिलची कामं करतो आणि संध्याकाळी पक्षी बनवतो. त्यातला राखी बगळा मला सर्वांत आवडतो, कारण तो जवळजवळ रेषाच आहे. रंकाळ्याच्या काठाला उभा राहून त्याला नीट बघा. मानेत एक ठसठशीत मोड असतो आणि पुढं चोच भाल्यासारखी सुटते. आपण ज्याला त्याचा गुडघा म्हणतो तो खरं तर घोटा, म्हणून त्या सांध्याचं टोक मागं येतं. खरा गुडघा वर पिसांत दडलेला असतो. एवढं कळलं की पाय चुकत नाहीत. मग फरशीवर खडूनं पूर्ण मापाचं चित्र काढा आणि पुढचे भाग त्या चित्रावर ठेवून बघत जा.

लागणारं सामान थोडं आहे. मानेला चेन, पायांना आणि चोचीला चाकांचे जुने एक्सल, डोक्याला कनेक्टिंग रॉडचं, म्हणजे पिस्टनला जोडलेल्या दांड्याचं, लहान टोक, पिसांना क्लचच्या लायनिंग नसलेल्या स्टीलच्या प्लेटा, आणि बैठकीला मोटारीची ब्रेक डिस्क. खरेदीला जाताना खिशात चुंबक असू द्या. चुंबक चिकटत नसेल तर तो भाग बहुधा ॲल्युमिनियमचा. पिस्टन तसाच असतो, वेल्डिंगच्या साध्या काडीनं तो लोखंडाला जोडला जात नाही. पक्की पावती घ्या. चासी नंबर किंवा इंजिन नंबर कोरलेल्या भागाला हात लावू नका.

काही वस्तू मात्र कितीही सुंदर दिसल्या तरी तिथंच सोडा. शॉकॲब्सॉर्बरमध्ये तेल आणि कधी दाबाखालचा वायू असतो, ज्योत किंवा ठिणगी लागली तर तो फुटतो. पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी आतली वाफ स्फोटाला पुरेशी असते. मोटारीची एअरबॅग उघडू नका. जुन्या ब्रेक शूच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्यावर ग्राइंडर चालवू नका. हे मी प्रत्येक शिकाऊ पोराला पहिल्याच दिवशी सांगतो आणि पुन्हा पुन्हा सांगतो.

चेन रात्रभर डिझेलमध्ये बुडवा, ब्रशनं घासा, मग धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यानं धुऊन उन्हात खडखडीत वाळवा. डिझेलचा डबा वेल्डिंगच्या जागेपासून लांब ठेवा. कड्यांमध्ये रबरी रिंगा असलेली चेन टाळा, वेल्डिंगच्या उष्णतेनं रबर जळतं. ब्रेक साफ करायचा फवारा तर वापरूच नका. त्यातल्या काही प्रकारांत क्लोरीनयुक्त द्रव असतं आणि वेल्डिंगच्या आर्कजवळ त्यातून विषारी वायू तयार होतो. एक्सलवर बहुतेक वेळा जस्ताचा मुलामा असतो. त्याचा पांढरा धूर छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप भरतो. जोडाच्या दोन्ही बाजूंचा मुलामा आधी घासून काढा, काम मोकळ्या हवेत करा, तोंडाला चांगला मास्क लावा. क्रोमचा भाग असेल तर हे आणखी काटेकोर पाळा. अंगात सुती कपडे आणि पायात बूट हवेत.

आता मान. चेन खडूच्या रेषेवर ठेवा, मोड मनासारखा आला की एकाआड एक कडीला वेल्डिंगचा बारीक टाका मारा. मग ती उचलून उभी धरून बघा, आणि मगच उरलेल्या कड्या पक्क्या करा. या कामाला अडीच मिलिमीटरची ६०१३ नंबरची काडी आणि ७० ते ८० अँपिअर पुरतात. वेल्डिंग थंड होताना धातूला आपल्या बाजूला ओढतं, म्हणून टाके डावी-उजवीकडे आलटून पालटून मारा, नाहीतर मान हळूहळू वाकडी होते. कनेक्टिंग रॉडच्या टोकाचं भोक हाच डोळा, त्यात बेअरिंगचा छर्रा बसवा. चोचीसाठी एक्सल ग्राइंडरवर निमुळता करा.

एक्सलचं पोलाद कडक असतं. त्याला ७०१८ नंबरची कोरडी काडी वापरा, जोड आधी थोडा तापवा आणि नंतर पाण्यात न बुडवता आपोआप निवू द्या. घाईनं थंड केलेला जोड तडकतो. धडाच्या सांगाड्याला मी आठ मिलिमीटरची नवी सळी वापरतो, ती दिसतही नाही. क्लचच्या प्लेटा अर्ध्या कापून शेपटीकडून मानेकडे रचत या, म्हणजे वरचं पीस खालच्यावर येतं. आतल्या कडेचे दात बाहेर दिसू द्या, तीच त्या पिसांची शोभा.

ब्रेक डिस्क बिडाची असते, तिला वेल्डिंग केलं तर जोडाशेजारी तडा जातो. तिच्यात बोल्टची भोकं आयतीच असतात. पायांखाली पाच मिलिमीटरची पट्टी जोडा आणि ती नट-बोल्टनं आवळा. त्याआधी धडाच्या मध्यातून ओळंबा सोडा, तो पंज्यांच्या मध्ये पडला पाहिजे. पुढं गेला तर मान मागं घ्या, बैठक वाढवू नका. संध्याकाळी सूर्य पाठीमागं येईल असा पक्षी ठेवून दहा पावलं लांबून नुसती आकृती बघा. लांबूनही बगळाच दिसला, तर टाके पक्के करायला हरकत नाही.

शेवटी तारेच्या ब्रशनं घासून जवसाचं तेल पातळ लावा. बाहेर ठेवणार असाल तर दर पावसाळ्याआधी हे पुन्हा करावं लागेल. तेल पुसलेलं फडकं चुरगळून टाकू नका, ते आपोआप पेट घेतं. ते उघड्यावर पसरून पूर्ण वाळू द्या आणि मगच फेका.