जुन्या बाईकच्या ऑइलमध्ये धातूचा चुरा दिसला? या चुका टाळा

वापरलेली बाईक घरी आली की पहिलं काम ऑइल बदलायचं. ड्रेन बोल्ट सुटतो, काळं ऑइल ट्रेमध्ये पडतं आणि बोल्टच्या टोकाला काहीतरी चमकतं. पोटात गोळा येतो. मग एक तर "इंजिन गेलं" म्हणून माणूस हबकतो, नाही तर "जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच" म्हणून नवीन ऑइल भरून मोकळा होतो. माझ्या मते दोन्ही निर्णय घाईचे. चुरा कशाचा आहे ते आधी ओळखायचं, मग काय ते ठरवायचं.

पुरावा पुसून टाकणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीनं होतं. बोल्ट चिंधीनं पुसला, ऑइल डब्यात ओतलं, ट्रे धुतला की पुढे कितीही हुशार मिस्त्री आला तरी त्याला अंदाजानंच बोलावं लागतं. त्यामुळे सुरुवातच नीट करा. इंजिनातून वेडावाकडा आवाज येत नसेल तर ते पाच-दहा मिनिटं चालवून ऑइल गरम करा; थंड ऑइल काढलं तर जड कण तळाशीच बसून राहतात. ट्रे आधी स्वच्छ पुसलेला हवा, नाही तर मागच्या कामाची वाळू आणि गंजाची पापुद्री या इंजिनाच्या नावावर जमा होते. निघालेलं ऑइल पांढऱ्या पातळ सुती कापडातून गाळा. कापडावर उरेल ते थोड्या रॉकेलमध्ये विसळा, पांढऱ्या कागदावर वाळवा आणि उन्हात धरून बघा. हे काम उघड्यावर आणि आगीपासून लांब करायचं.

ड्रेन बोल्टला चुंबक असेल तर त्यावर राखाडी, मऊ लगदा सापडतोच. तो दोन बोटांत चोळा. खर लागली नाही, नुसती राखाडी चकाकी बोटांवर उतरली, तर काळजीचं कारण नाही. बहुतेक बाईकमध्ये इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांना एकच ऑइल असतं, त्यामुळे गिअरची रोजची झीजही त्यातच उतरते. इंजिनाचं काम नुकतंच झालं असेल तर पहिल्या ५०० ते १००० किलोमीटरमध्ये चुरा नेहमीपेक्षा जास्त निघतो. विकणाऱ्याला हे जरूर विचारा.

बोटाला टोचणारी कपची किंवा नखानं उचलता येईल अशी टिकली निघाली, तर मात्र थांबायचं. सगळं ऑइलच चंदेरी रंग कालवल्यासारखं दिसत असेल तरीही तेच.

सगळा चुरा एकाच मापानं मोजणं

एक चुंबक घ्या, पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा आणि चुऱ्यावरून फिरवा. पिशवी उलटी केली की चिकटलेला चुरा वेगळा पडतो. चिकटला तो लोखंडाचा किंवा पोलादाचा: गिअर, कॅम, पिस्टन रिंग, रोलर बेअरिंग. न चिकटलेला पांढरट, मऊ असेल तर बहुधा अ‍ॅल्युमिनियम: पिस्टन, केसिंग (इंजिनाचं बाहेरचं कवच), हेड किंवा क्लचची बास्केट (क्लच प्लेट बसतात ती वाटी). पिवळट किंवा तांबूस टिकल्या बुशच्या (दांडा ज्यात फिरतो त्या धातूच्या नळीच्या) असतात, नाही तर शेल बेअरिंगचा, म्हणजे दांड्याभोवतीच्या अर्धगोल पातळ पट्ट्यांचा, वरचा थर झिजून आतला थर उघडा पडलेला असतो. आवाज नसला तरी या पिवळ्या टिकल्यांचं मला सगळ्यात जास्त भय वाटतं.

धातू नसलेलंही बरंच काही निघतं. चिमटीत दाबल्यावर भुगा होणारे काळपट तुकडे क्लच प्लेटचे. रबरासारखे ताणले जाणारे धागे आधीच्या मिस्त्रीनं जास्त लावलेल्या सीलंटचे. प्लास्टिकचे तुकडे बहुधा टायमिंग चेनच्या गाईडचे, आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष करू नका.

रंगाइतकाच आकारही बोलतो. एकदा माझ्या हाती खिळ्याच्या टोकाएवढा तुकडा आला होता. एक बाजू आरशासारखी गुळगुळीत, दुसरी राखाडी आणि दाणेदार, जिथून तो तुटला होता. चुंबकाला पटकन चिकटला. त्या बाईकचा दुसरा गिअर जोर दिला की सुटायचा, म्हणजे तुकडा गिअरच्या दातऱ्याचा कोपरा होता. दुसऱ्या एका बाईकमधून स्प्रिंगसारखा वळलेला अ‍ॅल्युमिनियमचा कीस निघाला आणि मालक इंजिन खोलायला निघाला होता. कीस ड्रेन बोल्टच्या आट्यांशी लावून पाहिला, तर अंतर तंतोतंत जुळलं. आधी कुणीतरी बोल्ट बेताल आवळून केसिंगचे आटे मारले होते. इंजिन ठणठणीत होतं, दुरुस्ती फक्त आट्यांची निघाली.

फक्त बोल्ट बघून निकाल देणं

विक्रीच्या आदल्या दिवशी ऑइल बदलणं सोपं असतं, त्यामुळे स्वच्छ ऑइलवर भरवसा ठेवू नका. जाळी आणि फिल्टर बघा. बऱ्याच लहान बाईकमध्ये क्लच कव्हरच्या आत क्रँकच्या टोकाला गरगर फिरणारा फिल्टर असतो. त्याच्या भिंतीला कित्येक हजार किलोमीटरचा गाळ थापलेला सापडतो. कागदी फिल्टर असेल तर तो धारदार पात्यानं कापा आणि घड्या उलगडून बघा. हॅकसॉ वापरू नका, त्याचाच कीस आत पडतो आणि मग खरा चुरा कुठला ते कळत नाही.

प्रयोगशाळेतून ऑइल तपासून घेणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: नेहमीच्या तपासणीत साधारण ५ ते १० मायक्रॉनपर्यंतचेच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण मोजले जातात. डोळ्यांना दिसणारी कपची त्या अहवालात येतच नाही. अहवाल चांगला आला म्हणून हातातला तुकडा फेकू नका.

दाट ऑइल आणि डिझेलचे उपाय

आवाज दबावा म्हणून दाट ऑइल भरलं की झीज थांबत नाही, नुसती ऐकू येईनाशी होते. डिझेल भरून इंजिन "धुणं" त्याहून वाईट, कारण बेअरिंगवरचा ऑइलचा थरच पातळ होतो. क्लच ऑइलमध्ये भिजलेला असेल तर डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (JASO MA, MA2; अशा क्लचसाठीचं जपानी मानक) लिहिलेलं बघून घ्या. कारच्या काही ऑइलनं तो क्लच घसरतो.

खात्रीसाठी पुन्हा पुन्हा चालू करून बघणं

टिकल्या पिवळ्या आहेत आणि खालून ठोकल्यासारखा आवाज येतोय, किंवा ऑइलचा दिवा लागतोय? बाईक ढकलत किंवा टेम्पोत घालून न्या. फिल्टर तुंबला की बहुतेक कागदी फिल्टरवाल्या इंजिनात बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं ऑइल चुऱ्यासकट पुढच्या बेअरिंगला जातं. तिथे एका भागाचं दुखणं चार भागांना लागतं.

उलट, घाबरून पहिल्याच दिवशी अख्खं इंजिन खोलायचीही गरज नसते. क्लच कव्हर आणि टॅपेट कव्हर (इंजिनाच्या माथ्यावरचं व्हॉल्व्हचं झाकण) बहुतेक बाईकमध्ये इंजिन न उतरवता निघतात. क्लचची बास्केट, ऑइल पंप, कॅमवरचे ओरखडे इथेच दिसतात, आणि बऱ्याचदा चुऱ्याचा मालकही इथेच सापडतो.

काहीच सापडलं नाही, आवाज नाही, चुराही थोडाच होता, तर ड्रेन बोल्टला नवीन वॉशर लावा, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनं, म्हणजे ठरलेल्या जोरानं, आवळा आणि योग्य ऑइल भरा. जुना चुरा छोट्या पिशवीत ठेवून त्यावर मीटरचं रीडिंग लिहा. ३०० किलोमीटर झाल्यावर ऑइल पुन्हा काढा, तसंच गाळा आणि दोन्ही पिशव्या शेजारी ठेवून बघा. दुसरी जवळजवळ रिकामी असेल तर आधीचा चुरा जुना साठलेला होता. दोन्ही सारख्याच भरल्या असतील, तर क्लच कव्हरच्या पलीकडचं इंजिन खोलायची वेळ झाली आहे.