डबा रोज तसाच परत येतोय? नुसते नखरे समजू नका

मुलगी जेवायच्या वेळी सारखं 'माझं झालंय' म्हणते, पोळी-भात एकदम बंद, जेवल्या जेवल्या बाथरूममध्ये जाते, सारखी थंडी वाजते, चक्कर येते, पाळी थांबलीये, तर हे डाएट नाहीये, खाण्याशी संबंधित मानसिक आजार (इटिंग डिसऑर्डर) असू शकतो. मुलग्यांनाही होतो हं. आणि वजन नॉर्मल आहे म्हणून गप्प बसू नका, बुलिमियात (एकदम खूप खायचं आणि मग उलटी वगैरे करून काढून टाकायचं, असा आजार) वजन बरेचदा नॉर्मलच असतं.

आधी पीडियाट्रिशियनकडे न्या, वजन-उंचीच्या जुन्या नोंदी घेऊन, नाडी, बीपी, रक्तातलं पोटॅशियम बघायला सांगा. बेशुद्ध पडली किंवा पाणीपण घेत नसेल तर थेट हॉस्पिटल. खूप दिवस उपाशी असेल तर मायेपोटी एकदम भरपूर भरवू नका प्लीज, रक्तातलं फॉस्फेट घसरून जिवावर बेतू शकतं, डॉक्टर सांगतील तसंच वाढवायचं.

अ‍ॅनोरेक्सियात (वजन वाढेल या भीतीने खाणंच तोडायचं, असा आजार) एफबीटी (फॅमिली-बेस्ड ट्रीटमेंट, म्हणजे घरच्यांना सोबत घेऊन उपचार) ही थेरपी चांगली लागू पडते, त्यात काय आणि किती खायचं ते काही काळ आईबाबा ठरवतात, शेजारी बसून, न ओरडता, ताट संपेपर्यंत. दमवणारं आहे खरं, पण पोर आजाराशी एकटं लढू शकत नाही. 'जाडी', 'किती बारीक झालीस' दोन्ही बंद, आत्या-मावशीलाही सांगून ठेवा. कुठे जायचं कळत नसेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फ्री आहे, मराठीत बोलता येतं.