क्लबचा इतिहास लिहायचाय? आधी रोकड वही मागा

व्यावसायिक महिलांच्या क्लबचा रौप्यमहोत्सव जवळ आला की स्मरणिका काढायचं ठरतं, आणि पहिल्या मीटिंगला सगळ्या जणी अल्बम घेऊन येतात. शाल, श्रीफळ, पाहुण्यांच्या शेजारी उभ्या अध्यक्ष. दरवर्षीचा फोटो तोच, फक्त साडी वेगळी. ते अल्बम तूर्त कपाटात राहू द्या. मी टॅक्स कन्सल्टंट आहे, नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या छोट्या कारखान्यांचे हिशेब बघण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे माझा कल कुठे असणार ते उघड आहे. क्लबचा इतिहास लिहायला बसाल तर पहिल्यांदा खजिनदाराला गाठा आणि जुन्या रोकड वह्या मागा.

रोकड वहीत कुणी भाषण करत नाही. वर्गणी कुणी दिली, कुणाची थकली, हॉलचं भाडं किती, मंडपवाल्याला आगाऊ किती दिले, चहा किती कपांचा झाला, हे सगळं त्या त्या दिवशीच लिहिलेलं असतं. प्रदर्शनाच्या स्टॉलभाड्याची पावती पुस्तकं मिळाली तर सोन्याहून पिवळं. गंगापूर रोडला डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर प्रदर्शन भरवलं असेल, तर कुणी अर्धा स्टॉल घेतला, पुढच्या वर्षी कुणी पूर्ण घेतला आणि कोण एकदाच येऊन गायब झाली, हे पावत्यांवरून वाचता येतं. पापड-कुरडयांवाल्या काकू चार वर्षांनी मसाल्याचं पॅकिंग घेऊन उभ्या राहिल्या, येवल्याहून पैठण्या आणून विकणारीने पुढे स्वतःचं दुकान थाटलं, अशा गोष्टी तिथे सापडतात. एक मोठा तक्ता करा: आडवी वर्षं, उभी नावं, आणि चौकटीत व्यवसाय. हा तक्ता म्हणजेच तुमच्या पुस्तकाचा कणा. बाकीचं सगळं त्याला चिकटवायचं.

इथे एक सावधगिरी. आयकरासाठी सगळ्यांचं वर्ष मार्चअखेर ठरलं ते १९८९ पासून. त्याआधी अनेक व्यापारी घरांत पाडव्याला वही बदलायची, त्यामुळे जुन्या सभासदाने ‘त्या सालात’ म्हटलं की दिवाळी ते दिवाळी की एप्रिल ते मार्च, हे विचारून घ्या. नाहीतर दोन प्रदर्शनं एकाच वर्षात येऊन बसतात.

आणि भिशी. क्लबच्या दप्तरात भिशीचं नाव नसतं, कारण ती ‘आपली आपली’ असते. वही कुणाच्या तरी घरी, बहुधा माळ्यावर. पण पहिलं शिलाई मशीन, पहिला डीप फ्रीझर, पार्लरची पहिली खुर्ची यातलं बरंच काही भिशीच्या उचलीतून आलेलं असतं. बँकेत गेलं की ‘मिस्टरांना जामीनदार म्हणून आणा’ हे ऐकावं लागायचं. भिशीत मिस्टर लागत नाहीत. हे लिहिलं नाही तर पैसा कुठून आला याचं उत्तरच पुस्तकात मिळणार नाही. फक्त कुणाचं नाव आणि रक्कम एकत्र छापू नका.

स्थापनेची तारीख हा भांडणाचा विषय. पहिली बैठक कुणाच्या तरी दिवाणखान्यात झाली ती एक तारीख, नोंदणी झाली ती दुसरी, बँकेत खातं उघडलं ती तिसरी. तिन्ही छापा आणि कोणती कशाची ते सांगा. नोंदणीचे कागद हरवले असतील तर धर्मादाय आयुक्तांच्या नाशिकच्या कार्यालयात नकलेसाठी अर्ज करा. सोबत परिशिष्ट एकचा, म्हणजे संस्थेच्या आणि पदाधिकाऱ्यांच्या नोंदीचा, उताराही मागा. आपल्याकडे सगळे त्याला शेड्युल वनच म्हणतात. कार्यकारिणी बदलली की सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ खाली ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल, तिथे द्यायचा असतो. पुष्कळ संस्था तो वेळेवर देत नाहीत, म्हणून उताऱ्यावरचे पदाधिकारी आणि प्रत्यक्ष काम करणारे पदाधिकारी यांची गल्लत होते. नावं ठरवताना इतिवृत्ताची वही खरी धरा, उतारा पडताळणीला ठेवा.

संस्थेच्या घटनेच्या प्रतीवर सात सह्या दिसतील, कारण १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याला किमान सात माणसं लागतात. त्या सातही जणी संस्थापक होत्या असं समजू नका. एखादी केवळ सातचा आकडा भरायला बसवलेली असते. सह्यांच्या या यादीत वयाशेजारी व्यवसायाचा रकाना असतो, तो जरूर बघा. व्यावसायिक महिलांचा क्लब काढणाऱ्या बाईच्या नावापुढे ‘गृहिणी’ लिहिलेलं आढळलं, तर त्या पानाचा फोटो पुस्तकात घ्या. त्यावर वेगळी टिप्पणी नको.

आता मुलाखती. ‘तुमचा प्रवास सांगा’ असं विचारलंत की सत्काराचं भाषण मिळतं. त्याऐवजी पहिला माल कुठून उचलला, रविवार कारंजावरून घरी कशातून नेला, दुपारी मुलं कुणाकडे असायची, पहिलं गिऱ्हाईक ओळखीतलं होतं का, उधारी कुणी बुडवली, हे विचारा. साल आठवत नसेल तर खूण द्या. नाशिककरांना सिंहस्थ आठवतो: १९९१-९२ चा, २००३-०४ चा, २०१५ चा. पूर आठवतात, १९६९ चा आणि २००८ चा. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं होतं ते सांगता सांगता बाई बरोबर दुकानाच्या सालावर येतात. कागदांनीही साल पक्कं होतं. छोट्या उद्योगांच्या नोंदणीचं उद्योग आधार २०१५ ला आलं, उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून, जीएसटी १ जुलै २०१७ पासून. जुन्या लघुउद्योग नोंदणीचा जिल्हा उद्योग केंद्राचा दाखला या सगळ्यांच्या आधीचा. मुलाखत एकेकीची घ्या. चौघी एकत्र बसवल्या की मोठ्या आवाजाची आठवण सगळ्यांची होते. मोबाइलवर रेकॉर्ड करण्याआधी परवानगी मागा, आणि लिहिलेला मजकूर त्यांना वाचून दाखवा.

अल्बम आता उघडा. चिकट पानांचे अल्बम असतील तर फोटो ओढून काढू नका, पानासकट मोबाइलने टिपा. सुटे फोटो असतील तर मागे नावं पेन्सिलीने लिहा; बॉलपेन पुढे उमटतं. साल ओळखायला माणसांपेक्षा मागचा फलक बघा: रंगवलेलं कापड आहे की फ्लेक्स, आणि त्यावरचा फोन सहा आकडी आहे की पुढे २ लागून सात आकडी झालेला. भिजून गेलेले कागद मिळाले, आणि सराफ बाजार-भांडी बाजाराकडच्या घरांत २००८ च्या पुराचे असे मिळू शकतात, तर इस्त्री करायचा मोह आवरा. अजून दमट असतील तर कोरे कागद मध्ये घालून सावलीत वाळवा.

वर्तमानपत्रांसाठी सार्वजनिक वाचनालय आहेच, १८४० पासूनचं. तिथे जाण्याआधी रोकड वहीतून तारखा काढून न्या. जाहिरातीचं किंवा मंडपाचं बिल ज्या आठवड्यात, त्याच्या आगेमागे ‘गांवकरी’ किंवा ‘देशदूत’ चाळा. बातमीत प्रमुख पाहुण्यांचं नाव पदवीसकट असतं आणि आयोजक बायका शेवटच्या ओळीत उरकलेल्या असतात. ती नावं इतिवृत्तातल्या हजेरीवरून भरून काढायची.

क्लब एखाद्या आंतरराष्ट्रीय संघटनेला जोडलेला असेल तर त्या संघटनेचा इतिहास एका परिच्छेदात संपवा. लीना मॅडेसिन फिलिप्स या अमेरिकन वकील बाईंच्या पुढाकाराने १९१९ मध्ये अमेरिकेत व्यावसायिक महिलांच्या क्लबांचा राष्ट्रीय संघ झाला आणि १९३० मध्ये जिनिव्हात आंतरराष्ट्रीय संघ, एवढं पुरे. जिनिव्हाबद्दल वाचायला दुसरी पुस्तकं आहेत. कॉलेज रोडवर पहिलं लेडीज टेलरिंग कुणी काढलं हे तुम्ही नाही लिहिलं तर कोणी लिहिणार नाही.

फूट पडली असेल, निवडणुकीवरून वाद झाला असेल, तर लिहा. इतिवृत्तात जेवढं नोंदलंय तेवढं आणि दोन्ही बाजूंच्या एकेकीचं म्हणणं. कोण रडलं, कोणी फोन आपटला, हे नको. क्लब सोडून गेलेल्यांनाही मुलाखतीला बोलवा, त्या जास्त मोकळ्या बोलतात.

कच्चं पुस्तक अध्यक्षांच्या आधी जुन्या खजिनदारांना वाचायला द्या. माहेर-सासरची दोन्ही नावं सूचीत घाला, कारण पावतीवर एक आणि फोटोखाली दुसरं असतं. छापून झालं की एक प्रत सार्वजनिक वाचनालयाला, एक क्लबच्या दप्तरात, आणि मुलाखत दिलेल्या प्रत्येकीला घरपोच. प्रकाशन समारंभात हातात देऊ म्हटलंत तर गुडघे दुखणाऱ्या सगळ्या राहतात, आणि मुलाखती नेमक्या त्यांच्याच असतात.