नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर इवल्याशा गोगलगायी कशा शोधायच्या

गोगलगाय म्हटलं की बागेतली मोठी आठवते, पण डोंगरावरच्या बऱ्याच जाती 5 मिमीपेक्षाही छोट्या असतात न पालापाचोळ्यातच राहतात म्हणून दिसतच नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये जा, कारण नागपूरच्या उन्हाळ्यात त्या जमिनीत दडून बसतात. झाडाच्या बुंध्याशी, दगडाच्या सावलीच्या बाजूला ओला पाला असतो ना, तिथे बसा, एकेक पान उलटं करून भिंगाने बघा, घाई अजिबात नको. उचललेला दगड परत तसाच ठेवा प्लीज, त्याखालची ओल गेली की त्या मरतात. जंगलातून काही उचलायचं नाही, फोटो पुरे.

घरच्या अंगणातला पाला मात्र घ्या, जिवंत गोगलगायी आधी सोडून द्या, मग तो वाळवून गहू चाळायच्या चाळणीने चाळा आणि खाली पडलेलं पाण्यात टाका, रिकामे शंख आतल्या हवेमुळे वर तरंगतात. शंखाला चुना लागतो म्हणून चुनखडीच्या डोंगरावर जाती जास्त, आपल्याकडे बेसाल्ट, म्हणजे लाव्हाचा काळा खडक आहे. पण बाजूच्याच टाकळीच्या खडकांत नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांना 19व्या शतकात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे जीवाश्म सापडले होते, किती भारी आहे हे! फोटोत शंखाचं तोंड, वेढे न शेजारी मोजपट्टी हवीच, नाहीतर जात ओळखणं कठीण जातं.