सोलापूर सोडून दिल्लीला येताय? वॉशरूम कुठंय, हे विचारायला आधी शिका

सोलापूरहून दिल्लीला निघालेली पोरं-पोरी फोन करून खोलीचं भाडं विचारतात, मेस विचारतात, मेट्रोचं कार्ड कुठं मिळतं ते विचारतात. बाथरूमचं कुणी विचारत नाही. आल्यावर सुरुवातीचे महिने सगळ्यात जास्त हाल मात्र त्याचेच होतात, मुलींचे तर फारच. जुन्या राजेंद्र नगरला आणि मुखर्जी नगरला क्लाससाठी आलेल्या कितीतरी मुली मी बघते, सकाळी बाहेर पडायचं म्हणून पाणीच पीत नाहीत. अनोळखी माणसाला हिंदीत कसं विचारायचं, या संकोचापायी. सोलापूरच्या उन्हात वाढलेल्यांना पाण्याचं महत्त्व मी काय सांगू? पाणी तोडायचं, वर लघवी दाबून ठेवायची, मग जळजळ, इन्फेक्शन आणि डॉक्टर. दिल्लीचा मे-जूनही आपल्यासारखाच भाजून काढतो. तेव्हा सामान बांधायच्या आधी हे एक वाक्य तोंडात बसवा:

"भैया, यहां आसपास वॉशरूम कहां मिलेगा?"

समोर बाई असेल तर "दीदी", वयानं मोठी असेल तर "आंटी जी". बस, एवढ्यानं निम्मं काम होतं.

आपल्याला वाटतं, हिंदी तर आपल्याला येतेच. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू एका गल्लीत नांदतात आणि त्यांच्यामधला पूल म्हणून आपण हिंदीच बोलतो. पण ती हिंदी दख्खनी वळणाची. "मेरेकू जाना है, किधर है बोलो ना" हे कलबुर्गीत, हैदराबादेत छान चालतं. तिकडं त्यात आपुलकीच वाटते. भोपाळच्या पुढं तेच वाक्य हुकूम सोडल्यासारखं ऐकू येतं. त्याचं मोठं कारण म्हणजे "तुम". आपण मराठीत "तुम्ही" म्हणतो तो मान असतो, म्हणून हिंदीत "तुम" म्हणताना आपल्याला वाटतं आपण मानानंच बोलतोय. दिल्लीत, उत्तर प्रदेशात अनोळखी माणसासाठी "आप"च लागतं, आणि क्रियापदही त्याच्या जोडीनं बदलतं. "बताओ" ऐवजी "बताइए", "रुको" ऐवजी "रुकिए". थोडं अधिक आर्जव हवं असेल तर "रुकिएगा", "बता दीजिएगा". या एका सवयीनं लोकांचा चेहरा कसा बदलतो ते स्वतः बघा.

हाक मारायच्या शब्दांकडं विशेष लक्ष द्या. सोलापुरात रिक्षावाला मामा असतो, एसटीचा ड्रायव्हर मामा असतो, दुकानदाराला आपण "मालक" म्हणतो. दिल्लीत अनोळखी माणसाला "मामा" म्हटलं तर तो गोंधळतो, आणि "मालिक" म्हटलं तर आपण पैसे मागायला आलोय असं त्याला वाटू शकतं. "दादा" म्हणजे तिकडं आजोबा. आणि "बाई" हा शब्द तर कुणाही स्त्रीला उद्देशून वापरूच नका. आपल्याकडं शाळेतल्या बाई म्हणजे आदराची जागा, तिकडं तो शब्द घरकामाला येणाऱ्या स्त्रीसाठी वापरतात आणि समोरची दुखावते. मुलग्यांसाठी आणखी एक: आपल्याकडचं "काय बे" हे दोस्तीतलं असतं. तिकडं "अबे" म्हणून सुरुवात केलीत तर स्वच्छतागृह राहील बाजूला, भांडणच सुरू होईल.

आता त्या जागेला काय म्हणायचं. "वॉशरूम" आणि "बाथरूम" सगळीकडं चालतात, "टॉयलेट"ही चालतं. "संडास" त्यांना कळतो, पण चारचौघांत कानाला खटकतो. "मुतारी" कळेलच असं नाही. रस्त्यावर, बाजारात विचारताना "यहां कोई सुलभ है क्या?" असं विचारा, पटकन उत्तर मिळतं. बिंदेश्वर पाठक यांनी १९७० साली बिहारमध्ये सुलभ संस्था सुरू केली. डोक्यावरून मैला वाहणाऱ्या माणसांची त्यातून सुटका व्हावी म्हणून त्यांनी आयुष्य वेचलं. उत्तरेत आज सार्वजनिक शौचालयालाच लोक सुलभ म्हणतात, एवढं ते काम घराघरात पोचलं. पाट्यांवर मात्र "शौचालय", "प्रसाधन", "जन सुविधा" असे शब्द दिसतील. देवनागरी वाचता येते, त्यामुळं आपल्या लोकांना पाट्यांचा त्रास नाही. तमिळनाडूतून आलेल्या माझ्या मैत्रिणींना तो फार झाला.

विचारलं, उत्तरही मिळालं, तरी चुकायची एक जागा आहे. दिल्लीकर सांगतो, "आगे से सीधे हाथ पे." आपण "सीधे" ऐकतो आणि सरळ चालत सुटतो. सीधा हाथ म्हणजे उजवा हात. उल्टा हाथ म्हणजे डावा. सरळ जायचं असेल तर तो "सीधा चले जाओ" किंवा "नाक की सीध में" म्हणेल. घाईच्या वेळी हा फरक माहीत नसला की रडू येतं. शंका वाटली तर तिथंच हातानं दाखवून विचारा, "इधर?"

सरावाची सुरुवात गाडीतच करा. कर्नाटक एक्स्प्रेसनं आलात तर मनमाड, भुसावळपर्यंत डब्यात मराठी कानावर पडतं. खंडवा, इटारसी आलं की हिंदी सुरू. एकटी मुलगी सामान सोडून उठू शकत नाही, म्हणून ती रात्रभर तशीच बसून राहते. असं करू नका. समोरच्या कुटुंबातल्या बाईंना सांगा, "भाभी जी, जरा मेरा सामान देखेंगी? मैं दो मिनट में आती हूं." नाही म्हणणारी बाई मला क्वचितच भेटली. दाराची कडी मोडकी असेल तर "जरा बाहर खडी रहेंगी?" असंही निःसंकोच विचारा. डब्यातलं शौचालय घाण असेल, पाणी नसेल तर रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावर कळवा. तक्रार करणं हा आपला हक्क आहे.

बसचं वेगळं आहे. बसमध्ये सोय नसते आणि ड्रायव्हर कुठं थांबेल हे त्यालाच ठाऊक. म्हणून बसताक्षणीच कंडक्टरला विचारून ठेवा, "भैया, गाडी कहां रुकेगी? कितनी देर रुकेगी?" आणि ढाब्यावर उतरताना, "मैं वॉशरूम जा रही हूं, मेरे आने तक रुकिएगा." हे शेवटचं वाक्य विसरू नका. डोकी न मोजता गाड्या निघतात.

शहरात फिरताना कुठं विचारावं? मेट्रो स्टेशनवर कस्टमर केअरच्या खिडकीवर विचारा. पेट्रोल पंप, मॉल आणि मोठी रुग्णालयं या भरवशाच्या जागा. कॅनॉट प्लेसजवळ असाल तर बंगला साहिब गुरुद्वारा. डोकं झाका, जोडे बाहेर ठेवा, सेवेकऱ्याला "जी, वॉशरूम किस तरफ है?" विचारा. जात-धर्म कुणी विचारत नाही. सोलापूरच्या मुलीला घरापासून इतक्या लांब जर कुठं मोकळं वाटत असेल तर तिथं, असं मी खात्रीनं सांगेन. हॉटेलात काही न घेता विचारायला लाज वाटते, ते मला समजतं. पण २०१७ साली तेव्हाच्या दक्षिण दिल्ली महापालिकेनं हॉटेलांना सांगितलं होतं की बाहेरच्या माणसालाही शौचालय वापरू द्या, फार तर पाच रुपये घ्या. आज तिथला गल्ल्यावरचा माणूस तो नियम मानेलच असं नाही, तरी नम्रपणे विचारायला काय हरकत आहे? "सर, क्या मैं आपका वॉशरूम इस्तेमाल कर सकती हूं?" मुलगा असेल तर "सकता हूं". "नहीं है" असं उत्तर आलं तर तिथं वाद घालू नका. "कोई बात नहीं, आसपास कहां मिलेगा, बता दीजिए" म्हणा. बऱ्याचदा याच दुसऱ्या वाक्यावर मन पाघळतं आणि चावी पुढं येते.

मासिक पाळीत अडलात तर दुकानातल्या, कचेरीतल्या कुठल्याही बाईजवळ जाऊन हळूच सांगा, "दीदी, पीरियड आ गए हैं, वॉशरूम चाहिए." पुढं काही समजवावं लागत नाही.

पैशांचं थोडक्यात: पर्समध्ये पाच-दहा रुपयांची सुटी नाणी ठेवा. वापरून झाल्यावर "कितने हुए, भैया?" पाटीवर निःशुल्क लिहिलेलं असताना कुणी पैसे मागितले तर आवाज न चढवता पाटीकडं बोट दाखवा, "बोर्ड पर तो निःशुल्क लिखा है." अनेक ठिकाणी पुरुषांना लघवीसाठी पैसे पडत नाहीत आणि बायकांकडून घेतले जातात. हे चुकीचं आहे, आणि दरवेळी विचारत राहिलं पाहिजे असं मला वाटतं.

शेवटचं, आई-वडिलांबद्दल. तुम्ही इथं रुळलात की ते तुम्हाला भेटायला येतील, इथूनच पुढं काशीला जातील. आपल्या कितीतरी घरांतल्या आज्यांना तेलुगू येतं, कन्नड येतं, हिंदीचा मात्र एक शब्द येत नाही. मधुमेह असेल तर वारंवार जावं लागतं आणि ते कुणाला सांगत नाहीत. त्यांच्या पिशवीत एक चिठ्ठी ठेवा. त्यावर मोठ्या अक्षरात लिहा: "मुझे बाथरूम जाना है. कृपया रास्ता दिखा दीजिए." खाली तुमचा फोन नंबर. चिठ्ठी दोन जागी ठेवा, एक पिशवीत आणि एक आजीच्या कमरेच्या चंचीत.