तबल्याचा कायदा रोज घोटूनही हात बसत नसेल, तर या चुका टाळा

तबल्याला येणाऱ्या मुलांचे पालक वर्षातून एकदा तरी विचारतात, ‘अजून तेच धाधा तेटे? गाण्याबरोबर कधी वाजवणार?’ प्रश्न रास्त आहे. नुसता हात तयार व्हावा म्हणून वाजवलेल्या बोलांचा खरंच उपयोग होतो का? माझ्या मते फार होतो, पण कायदा, म्हणजे घोटायची ही ठरावीक बोलांची रचना, वाजवताना नेमकं काय सुधारायचंय ते ठाऊक हवं.

दिल्ली घराण्याचा हा कायदा जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला येतो:

धाधा तेटे धाधा तूना
ताता तेटे धाधा धीना

इथली सर्रास होणारी चूक डग्ग्याची, म्हणजे डाव्या हाताने वाजवायच्या वाद्याची. एका मात्रेला एक बोल धरला, तर सोळा मात्रांच्या तीनतालाच्या नवव्या मात्रेला, म्हणजे खालीला (तालाच्या रिकाम्या भागाला), ‘ता’ येतो. तिथून डग्ग्याची घुमक बंद व्हायला हवी आणि शेवटच्या ‘धाधा धी’ला परत यायला हवी. मुलांचं सगळं लक्ष उजव्या हाताकडे असतं, डावा हात सवयीने पडत राहतो आणि खालीसुद्धा भरीसारखीच (घुमणाऱ्या भागासारखीच) ऐकू येते. उपाय सोपा आहे. उजवा हात मांडीवर ठेवा, तोंडाने पूर्ण कायदा म्हणा आणि फक्त डग्गा वाजवा. पहिल्या दिवशी अडखळायला होतं, होऊ द्या.

पालकांच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. तीनतालाच्या ठेक्यात, म्हणजे साथीला वाजणाऱ्या तालाच्या मूळ बोलांत, दहाव्या ते तेराव्या मात्रेपर्यंत, ‘तिं तिं ता ता’ला, डग्गा असाच घुमायचा थांबतो. त्यावरून गायकाला आवर्तनात (तालाच्या एका फेरीत) आपण कुठे आहोत ते कळतं. कायद्यात डावा हात आवरायला शिकलेला मुलगा साथीला बसल्यावर गायकाला चाचपडावं लागत नाही.

लय वाढली की ‘तेटे’मधला ‘ते’ पुसट होतो, ही दुसरी तक्रार. बहुतेकदा घाई झालेली असते, आणि खांदा आखडलेला असतो. मेट्रोनोम ६० वर लावून एका ठोक्याला दोन बोल वाजवा, मग पाच-पाचने वाढवत न्या. ‘ते’ जिथे हरवेल तिथून दहाने खाली या आणि त्या दिवशी तिथेच राहा. वाजवताना आपल्याला सगळं स्वच्छच वाटतं, म्हणून समोर मोबाइल ठेवून रेकॉर्ड करा आणि ऐका. मनगट किंवा कोपर दुखायला लागलं तर लगेच थांबा. सहन करून वाजवू नका, हे मी कळकळीने सांगतो.

पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, टाळू नका. तोंडात अडखळणारा पलटा (कायद्याच्याच बोलांची उलटसुलट मांडणी) हातात येत नाही.

गांधर्व महाविद्यालय मंडळाची परीक्षा जवळ आली की चार पलटे पाठ करून भागवलं जातं. त्याऐवजी एक तरी स्वतः बांधा, जसं ‘धाधा तेटे तेटे तेटे धाधा तेटे धाधा तूना’. बोल कायद्यातलेच हवेत, मध्येच तिरकिट आणायचं नाही. खालीची ओळ लिहून न घेता वाजवता वाजवता जुळवा.

आणि रियाज कायद्यावरच संपवू नका. शेवटची दहा मिनिटं लेहरा (तालाबरोबर फिरत राहणारी धून) लावून साधा ठेका धरा, आणि कान ‘तिं तिं ता ता’कडे ठेवा.